पावणेचारच्या गतीने

वजन बावीस किलो.
साउथ शील्ड्समधल्या त्या खोलीचा जिना अरुंद,
म्हणून विल्फ यंगर वरून आणि मी खालून,
मधे ते, राखाडी पेटीत,
दर पायरीवर भिंतीचा रंग खरवडत.
विल्फ म्हणाला, आपटू नको, त्याला सगळं लक्षात राहतं.
अडुसष्ट सालचा मार्च.
मी बोटींची इंजिनं शिकायला आलेला,
आणि सात पौंड उसने काढून
आवाज साठवायचं यंत्र, तेही वापरलेलं.
कुमुद दारात उभी. म्हणाली,
तांदूळ संपलेत.

दोन गती होत्या त्याला,
साडेसात आणि पावणेचार.
विल्फला ते आकडे म्हणायला दोनदा श्वास लागे,
आपल्याकडे शब्द तयारच होते.
साडेसातवर आवाज लख्ख यायचा
पण फीत बघता बघता संपायची.
ही तुमची साडेसाती, कुमुद म्हणायची,
फितीचे पैसे मोजताना.
मग आम्ही पावणेचारवरच राहिलो,
निम्म्या खर्चात,
जरा खरखरीत.

व्हॉल्व्ह तापेपर्यंत थांबावं लागे.
तापलेल्या धुळीचा तो वास
मला अजून कुठल्या दुकानात मिळालेला नाही.
मग डावीकडचं भरलेलं रीळ, उजवीकडचं रिकामं,
मधल्या वाटेने फीत ओवायची, सुईत दोरा ओवतात तशी,
जीभ दातांत धरून.
महिन्यातून एकदा स्पिरिटच्या बोळ्याने हेड पुसायचं.
बोळा तांबूस व्हायचा.
कुणाचं तरी बोलणं झिजून कापसाला लागलेलं.
जोड द्यायचा तर दाढीच्या पात्याने तिरकं कापायचं.
सरळ कापलं तर टक् वाजतं.
तिरकं कापलं
तर एक रविवार दुसऱ्या रविवारात
गुपचूप शिरतो.

काय भरलं म्हणाल, तर फार काही नाही.
धुक्यातला भोंगा. टाइन नदीवरची फेरी.
विल्फची कबुतरं, त्यांच्या नावांसकट.
आणि मी, मी, मीच:
हॅलो, हॅलो, एक दोन तीन,
आज थंडी आहे.
नऊ रिळं हॅलो.

कुमुद माइक दिसला की उठून जायची.
एकदाच सापडली, पाठमोरी, शेगडीपाशी:
बंद करा ते आधी. दूध उतू जातंय.
एवढंच.

आता एक गंमत सांगतो.
फीत वर्षानुवर्षं गुंडाळून ठेवली
की एक थर शेजारच्या थराच्या कानात
आपलं थोडं सांगून टाकतो.
त्यामुळे ती बोलायच्या दोनेक सेकंद आधी,
भिंतीपलीकडून यावं तसं,
अगदी बारीक ऐकू यायचं,
बंद करा ते.
मग शांतता.
मग ती.
तेवढ्या वेळात मी खुर्चीत सरळ होऊन बसायचो.

ती गेली त्याच्या पुढच्या वर्षी यंत्र विकलं.
न्यूकॅसलहून एक पोरगा आला,
दाढी राखलेला, फार नम्र,
आणि त्याने ते एकट्याने उचललं.
मला रागच आला.

त्याआधी शिरीषने सगळं संगणकावर उतरवून घेतलं होतं.
नऊ रिळं, नखाएवढ्या वस्तूत.
खरखर काढली, बाबा, म्हणाला,
आणि तो आधी येणारा भुताटकी आवाज,
तो दोष होता ना, तोही पुसला.
चांगलं केलंस, मी म्हणालो.
काय म्हणणार?

हल्ली ती एकदम बोलते.
दरवेळी दचकतो.

एक रिकामं रीळ मात्र मी दिलं नाही.
पोराने मोजलंच नव्हतं.
दुपारी ते पेन्सिलीत अडकवून
बोटाने फिरवतो, अंदाजाने,
पावणेचारच्या गतीने.
दूध तापत असलं
तर आधी गॅस बारीक करून.